थ्री-नॉट-थ्रीचा नेम का चुकतो?

जुनी रायफल म्हणजे चुकणारी रायफल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात दोष बहुधा वयाचा नसून लाकडाचा, काडतुसाचा, निगेचा आणि सरावाचा असतो. तो शोधण्याची एक ठरलेली रीत आहे.

(आमच्या प्रतिनिधीकडून)

फर्दापूर : अजिंठ्याची लेणी पाहावयास येणारा पर्यटक फर्दापूरच्या तिठ्यावर आपले वाहन ठेवतो आणि तेथून लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटरचे अंतर बसने कापतो. याच डोंगररांगांत २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी हिंडत होता. वाघूर नदीच्या वळणावर समोरच्या कड्यात त्याला एका लेण्याची कमान दिसली आणि अजिंठा पुन्हा जगासमोर आला, ही कथा सर्वपरिचित आहे. लेणे क्रमांक १० मध्ये त्याने कोरलेले नाव आणि तारीख आजही साक्ष देते.

स्मिथच्या काळी पलटणीतील शिपायाच्या हाती आतून गुळगुळीत नळीची, तोंडाकडून ठासावयाची बंदूक असे. गोळी नळीपेक्षा थोडी लहान असल्याने ती आत ठोकरा खात बाहेर पडे आणि तिची अखेरची ठोकर ज्या बाजूला लागली असेल त्या बाजूला भरकटे. शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसाचा नेम साधणे हा बव्हंशी दैवाचा भाग होता. त्यानंतर शंभर वर्षे उलटण्याच्या आत हिंदुस्थानी शिपायाच्या हाती अशी रायफल आली, की जिच्या मागच्या साइटवर दोन हजार यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले होते. ही रायफल म्हणजे ली-एन्फील्ड. आपल्याकडे तिला सारे जण 'थ्री-नॉट-थ्री' म्हणतात.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थानात शिरलेल्या भारतीय पायदळाच्या खांद्यावर हीच रायफल होती. तेव्हा फर्दापूर निजामाच्या मुलखात होते आणि पलीकडे खानदेशची हद्द लागत असे. पुढे लष्कराने ही रायफल बाजूला ठेवली. पोलीस, होमगार्ड आणि राष्ट्रीय छात्र सेनेत मात्र ती दशकानुदशके राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, एके-४७ घेतलेल्या दहशतवाद्यांसमोर पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती. तेव्हापासून ही रायफल म्हणजे 'कालबाह्य आणि निकामी', असे समीकरण जनमानसात रुजले. यापैकी 'कालबाह्य' हा शब्द योग्य आहे, 'निकामी' हा मात्र तपासून पाहावा लागतो. कारण नेम चुकल्याचे खापर रायफलीच्या वयावर फोडले, की तिची निगा न राखणारी आणि शिपायाला पुरेसा सराव न देणारी व्यवस्था नामानिराळी राहते.

एक नाव, अनेक रायफली

'ली' हे नाव स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली या संशोधकाचे. बोल्ट आणि काडतुसांची पेटी यांची रचना त्याची. 'एन्फील्ड' हे इंग्लंडमधील सरकारी कारखान्याचे नाव. १८५७ च्या उठावाला निमित्त ठरलेल्या काडतुसांमुळे ते आपल्या इतिहासात आधीच कोरले गेले आहे. ०.३०३ इंच हा नळीच्या आतील व्यास. १९०७ मध्ये स्वीकारलेला या रायफलीचा 'मार्क तीन' हा प्रकार बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून भारतीय स्वातंत्र्यानंतरपर्यंत तयार होत राहिला. तिची नळी २५.२ इंच लांब, वजन सुमारे चार किलो आणि पेटीत दहा काडतुसे. चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरनेच ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी याच घाटाची रायफल बनवली. ती '२-ए' आणि '२-ए-१' या नावांनी ओळखली जाते. पोलीस ठाण्यांत पुष्कळदा तिलाही थ्री-नॉट-थ्रीच म्हटले जाते. दोघींची काडतुसे मात्र वेगळी आहेत आणि ती परस्परांत वापरणे जीवघेणे आहे. म्हणून तपासणीची पहिली पायरी म्हणजे रायफल नेमकी कोणती, हे तिच्यावरील शिक्क्यावरून वाचून घेणे.

गट आणि नेम यांतला फरक

'रायफल चुकते' या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. एका जागी नीट टेकवून, एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या पाच गोळ्या चांदमारीच्या फळीवर जवळजवळ पडल्या, परंतु मध्यबिंदूपासून वीतभर डावीकडे पडल्या, तर रायफल उत्तम आहे. केवळ साइट सरकवावयाची आहे. त्याच पाच गोळ्या मध्यबिंदूच्या सभोवती हातभर विखुरल्या, तर साइटला हात लावून काहीही साधणार नाही. पहिल्या प्रकाराला नेम जुळवणे म्हणतात, दुसऱ्याला गट आवळणे. आधी गट, मग नेम, हा क्रम छात्र सेनेतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवला जातो.

गट मोजण्याचे माप कोनाचे असते. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. शंभर मीटरवर एक मिनिटाचा कोन सुमारे २.९ सेंटिमीटर जागा व्यापतो. सुस्थितीतील लष्करी ली-एन्फील्डने ढोबळमानाने तीन-चार मिनिटांचा गट द्यावा, म्हणजे शंभर मीटरवर पाच गोळ्या नऊ ते बारा सेंटिमीटरच्या वर्तुळात याव्यात. निवडक रायफल चांगल्या काडतुसांवर दोन मिनिटांपर्यंत येते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कारखान्यातील 'क्रमांक चार' रायफलींपैकी उत्तम गट देणाऱ्या वेगळ्या काढल्या. हॉलंड अँड हॉलंड या प्रख्यात बंदूककारांकडून त्यांना दुर्बीण बसवून घेतली आणि अशा वीस हजारांहून अधिक रायफली दूरच्या नेमबाजांना दिल्या. साधी सैनिकी रायफल नीट बसवली तर कोठवर जाते, याचे हे प्रमाण.

पहिली तपासणी नळीची

गोळीला फिरकी देण्यासाठी ली-एन्फील्डच्या नळीत पाच पीळदार खाचा असतात आणि दर दहा इंचांत त्यांचा एक वेढा पूर्ण होतो. या खाचांच्या कडा टिकून आहेत का, हे उजेडाकडे धरून पाहिले की दिसते. त्यातही दोन जागा निर्णायक ठरतात. गोळी जिथून नळीत शिरते तो मागचा घसा आणि जिथून बाहेर पडते ते तोंड.

घसा झिजतो तो उष्णतेने. जुन्या काडतुसांतील कॉर्डाइट ही दारू अतिशय तापट असल्याने घशाचे पोलाद हळूहळू खाल्ले जाते. तोंड झिजते ते मात्र साफसफाईने, आणि हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. नळीतून ओढावयाची पुल-थ्रूची दोरी वाळूने, धुळीने माखलेली असली आणि ओढणारा ती तिरकी ओढत असला, तर करवतीसारखी एकाच बाजूने तोंड कापत जाते. गोळी तोंडातून बाहेर पडताना तिच्या मागील दाबाचा वायू सर्व बाजूंनी एकाच क्षणी सुटला पाहिजे. तोंडाची एक कड झिजली असेल तर तिथून वायू आधी निसटतो आणि गोळीला बाजूने धक्का देतो. परिणामी, आतून आरशासारखी चकाकणारी नळीही गोळ्या विखुरते. तोंड नव्याने कातून काटकोनात आणले की अशी रायफल पुन्हा ताळ्यावर येते. हे काम अर्थातच कुशल आर्मोररचे.

गंजाची कहाणी याहून बोधप्रद आहे. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाले की नळीत पोटॅशियम क्लोराइड हे मिठासारखे क्षार उरतात. मीठ पावसाळ्यात पाणी ओढून घेते, तसेच हे क्षार हवेतील ओल धरतात आणि पोलाद गंजू लागते. शिपाई इमानेइतबारे तेल लावतो, तरीही आठवड्याने नळीत तांबूस थर दिसतो. कारण क्षार तेलात विरघळत नाहीत, ते पाण्यात विरघळतात. म्हणूनच जुन्या पलटणींत गोळीबारानंतर नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची पद्धत होती. गरम पाण्याने क्षार धुतले जातात आणि नळी तापल्याने आतील ओलही लगेच सुकते. त्यानंतर कोरडी चिंधी आणि शेवटी तेल. कोकणातील दमट हवेत या क्रमात झालेला एका दिवसाचा आळस मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यातील महिनाभराच्या हलगर्जीपणाइतका महाग पडू शकतो.

तेल लावलेली नळी तशीच घेऊन गोळीबार करणे हीसुद्धा चूकच. तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपासून दूर पडते. चेंबर तेलकट असेल तर काडतुसाचे पितळ भिंतींना धरून राहत नाही आणि सारा धक्का बोल्टवर येतो. चांदमारीपूर्वी कोरडी चिंधी फिरवणे हा त्यावरील सोपा उपाय.

खरा गुन्हेगार : लाकूड

जुन्या रायफलींच्या अचूकतेचा अभ्यास करणारे सर्वाधिक वेळ जिथे घालवतात, ती जागा म्हणजे नळीखालचे लाकूड. बाहेरून ते केवळ हात धरण्यासाठी आहे असे वाटते. प्रत्यक्षात गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते आणि या थरथरीला आवर घालण्याचे काम लाकूड करते.

येथे दोन ठिकाणे महत्त्वाची आहेत. मागच्या बाजूला, जिथे रायफलीचा पोलादी सांगाडा लाकडाला टेकतो, तिथे धक्का झेलणारे दोन पृष्ठभाग असतात. दोन्हींवर भार सारखा पडला पाहिजे. वर्षानुवर्षांच्या तेलाने तिथले लाकूड मऊ पडते, दबते, कधी चिरते. मग प्रत्येक गोळीनंतर सांगाडा किंचित नव्या जागी बसतो आणि गट फुटतो. ईशापूरच्या रायफलींत या भागाजवळ लाकडातून आडवा स्क्रू घातलेला आढळतो, तो लाकूड चिरू नये म्हणूनच. दुसरे ठिकाण पुढचे. 'क्रमांक चार' रायफलीत लाकडाच्या टोकाने नळीला खालून वर दोन ते सात पौंडांचा दाब द्यावा, असे ठरलेले आहे. 'मार्क तीन'मध्ये हेच काम स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा खुंट करतो. जुन्या रायफली उघडून पाहिल्या तर पुष्कळदा तो खुंट गंजून अडकलेला किंवा गहाळ झालेला असतो.

लाकूड पाणी पिते आणि फुगते. उन्हाळ्यात जुळवलेली रायफल श्रावणात एका बाजूला मारू लागते, यात चमत्कार काहीच नाही. फुगलेले लाकूड नळीला एका कुशीवर ढकलत असते. कागदाची पातळ पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून सरकवून पाहिली, की जिथे स्पर्श नको तिथे तो होतो आहे का, हे कळते. टोकाजवळची ठरलेली जागा सोडून पट्टी कोठे अडली, तर तेथील लाकूड हलक्या हाताने घासावे लागते आणि नंतर जवसाच्या तेलाने त्याची छिद्रे बुजवावी लागतात.

या थरथरीची एक मौज इंग्लंडमधील नेमबाजांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच ओळखली होती. ली-एन्फील्डचे तोंड गोळी सुटतेवेळी वर जात असते. थोडी मंद गोळी नळीतून थोडी उशिरा बाहेर पडते, म्हणून तोंड थोडे अधिक वर असताना बाहेर पडते. वेगवान गोळी लवकर, म्हणून किंचित खालच्या कोनात. त्यामुळे जवळच्या पल्ल्यावर गोळ्या उभ्या रेषेत पसरलेल्या दिसतात, पण दूर गेल्यावर मंद गोळीचे अधिक पडणे आणि तिचा वरचा कोन एकमेकांना भरून काढतात. म्हणून शंभर यार्डांवर सामान्य वाटणारी ही रायफल आठशे-हजार यार्डांवर अनेक भारदस्त रायफलींना मागे टाकत असे. लाकडाचा दाब बिघडला की हा हिशेबही बिघडतो.

बोल्ट आपापला

ली-एन्फील्डचा बोल्ट मागच्या बाजूने अडकतो. त्यामुळे तो झपाट्याने चालतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या इंग्रज पायदळाला तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमके बार टाकण्याची कसोटी द्यावी लागे, ती या वेगवान बोल्टमुळेच शक्य होई. पण मागून अडकण्याचा तोटा असा, की बोल्टच्या दोन्ही अडसरांवर भार समान पडण्यासाठी कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्याच रायफलीला घासून बसवावा लागतो. म्हणूनच रायफलीचा क्रमांक बोल्टच्या मुठीवरही कोरलेला असतो.

शस्त्रागारात पन्नास रायफलींचे बोल्ट एका ताडपत्रीवर काढून साफ केले आणि हाताला येतील तसे परत बसवले, तर रायफली चालतील, पण नेम बिघडेल. क्वचित प्रसंगी धोकाही निर्माण होईल. बोल्टचे डोके आणि काडतुसाच्या कडेची बैठक यांमधील अंतर ०.०६४ ते ०.०७४ इंचांच्या दरम्यान असावे, असा दंडक आहे. ते आर्मोररच्या मापकानेच तपासतात. अंतर वाढले तर पितळ ताणले जाऊन फाटू शकते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळू शकतो. मुठीवरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो का, हे पाहावयास अर्धा मिनिट लागतो. अचूकतेसाठी आणि जीवितासाठी यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

काडतूस आणि साइट यांचे लग्न

१९१० पासून प्रचारात आलेल्या 'मार्क सात' काडतुसाची गोळी टोकदार, १७४ ग्रेन म्हणजे सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची. तिचा वेग सेकंदाला २४४० फूट, म्हणजे सुमारे ७४४ मीटर. त्याआधीची गोळी बोथट, जड आणि मंद होती. साइटवरचे आकडे कोणत्या गोळीसाठी कोरले आहेत, यावर सारे अवलंबून असते. १९१४ मध्ये हिंदुस्थानी फौज फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरली, तेव्हा तिच्याजवळच्या रायफली नव्या काडतुसांसाठी नव्हत्या. त्या तेथेच बदलून घ्याव्या लागल्या. सैनिकाला परिचयाची रायफल टाकून आघाडीवर जाण्यापूर्वी अनोळखी रायफल हाती घ्यावी लागली.

काडतुसांतील सारखेपणा हा गटाचा पाया आहे. तीनशे मीटर अंतर कापताना ही गोळी ढोबळ हिशेबाने एक मीटरभर खाली येते. वेगात दोन टक्क्यांचा फरक पडला, तर पडण्यात सुमारे चार टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे चार सेंटिमीटर. अंतर वाढले की हा फरक झपाट्याने वाढतो. काडतुसे दीर्घकाळ उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत पडून असतील, किंवा वेगवेगळ्या वर्षांची काडतुसे एकाच पट्ट्यात मिसळली असतील, तर वेग सारखा राहण्याची आशा व्यर्थ आहे. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण आणि वर्ष उमटवलेले असते. एका गटासाठी एकाच वर्षाची, एकाच पेटीतील काडतुसे घ्यावीत, एवढी शिस्त पाळली तरी निम्मे प्रश्न सुटतात.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसांशी निगडित आहे. फर्दापूरहून जळगावमार्गे भुसावळच्या पुढे गेले, की वरणगावचा कारखाना लागतो. १९६० च्या दशकापासून तिथे लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग झाले आहेत.

माशीचा एक मिलिमीटर

गट आवळला, आता नेम. 'मार्क तीन' रायफलीची पुढची साइट, म्हणजे शिकाऱ्यांच्या भाषेतील माशी, आणि मागची खाच यांत सुमारे ४९ सेंटिमीटर अंतर असते. शंभर मीटरवर गोळ्या वीस सेंटिमीटर डावीकडे पडत असतील, तर त्रैराशिक असे : ४९० मिलिमीटर गुणिले ०.२० मीटर, भागिले १०० मीटर. उत्तर साधारण एक मिलिमीटर. म्हणजे माशी एक मिलिमीटर सरकवली, की पंचक्रोशीत बदनाम झालेली रायफल मध्यबिंदूवर येते. नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. गोळ्या ज्या बाजूला जातात, माशीही त्याच बाजूला सरकवावी. गोळ्या खाली पडत असतील तर बुटकी माशी बसवावी, वर जात असतील तर उंच. मागची साइट हलवली तर नियम उलटा.

हाच हिशेब उलटाही लागू पडतो. शस्त्रागाराच्या फडताळावर रायफल आपटली आणि माशी अर्धा मिलिमीटर सरकली, तर शंभर मीटरवर दहा सेंटिमीटरची चूक आपोआप पदरी पडते. माशीच्या बैठकीवर रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवली, तर ती हलली का, हे नजरेने समजते.

रायफलीमागचा माणूस

याहीपुढचा घटक नेमबाज. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्यांच्या ०.२२ च्या आधुनिक रायफलींची थ्री-नॉट-थ्रीशी तुलना होऊ शकत नाही. परंतु शरीर स्थिर ठेवणे, श्वास अर्धवट सोडून थांबणे, चाप न झटकता दाबत नेणे, ही मुळाक्षरे दोन्हीकडे तीच.

ली-एन्फील्डचा चाप दोन टप्प्यांचा आहे. पहिला दाब हलका, त्यानंतर बोटाला अडथळा जाणवतो, मग दुसरा दाब. वर्षाकाठी मोजकी काडतुसे झाडणाऱ्या शिपायाला हा अडथळा ओळखीचा होत नाही. तो धक्क्याच्या भीतीने चाप झटकतो, डोळे मिटतो आणि गोळी खाली उजवीकडे जाते. यावर काडतूस खर्च न करता करावयाचा उपाय म्हणजे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केलेल्या रायफलीवर केवळ चाप दाबण्याचा सराव. शिवाय शिपायाला दर खेपेस त्याच बट नंबरची रायफल मिळाली, तर तिच्या खोडी त्याला ठाऊक होतात. राज्याराज्यांतील पोलीस आधुनिकीकरणावरील 'कॅग'च्या अहवालांनी जुन्या शस्त्रांवरील अवलंबित्वावर वारंवार बोट ठेवले आहे. शस्त्र बदलणे खर्चाचे आहे. एका रायफलीला एक माणूस आणि एक नोंदवही देणे मात्र जवळजवळ फुकट आहे.

एका वेळी एकच बदल

या साऱ्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम सुरक्षितता, म्हणजे क्रमांकांची जुळणी, बोल्टचे अंतर आणि नळीत अडथळा नसल्याची खात्री. मग नळी कोरडी करून, टेकू देऊन, एकाच पेटीतील काडतुसांचे पाच-पाच बारांचे किमान दोन गट. त्यानंतर स्क्रू आवळून पुन्हा गट. मग काडतूस बदलून, मग लाकूड तपासून. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि वहीत लिहावयाची. एकाच दिवशी लाकूडही घासले, माशीही सरकवली आणि काडतूसही बदलले, तर सुधारणा कशाने झाली, हे कधीच कळत नाही. माशीला हात अगदी शेवटी.

फिनलंडने हा धडा राष्ट्रीय पातळीवर गिरवला. रशियाकडून वारशाने व लुटीत मिळालेल्या मोसिन-नागां रायफलींचे सांगाडे त्यांनी तसेच ठेवले आणि त्यांवर उत्तम नळी, नेटके लाकूड व सुधारलेल्या साइट बसवल्या. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सिमो हायहा या शेतकरी सैनिकाने दुर्बिणीविना जो पराक्रम केला, तो अशाच सुधारलेल्या जुन्या रायफलीवर. कॅनडाच्या उत्तरेकडील रेंजर्सनीही ली-एन्फील्ड १९४० च्या दशकापासून वापरली, ती २०१८ नंतर नवी रायफल मिळेपर्यंत.

कायदा आणि मर्यादा

वरील मजकूर वाचून कोणी घरी प्रयोग करू नये, हे सांगणे आवश्यक आहे. ०.३०३ हा आपल्याकडे निषिद्ध बोअर असल्याने सर्वसामान्य परवानाधारकाला ही रायफल मिळत नाही. नागरिकांसाठी ईशापूरने याच घाटाची ०.३१५ बोअरची रायफल बनवली. तिला लाकूड, तोंड, बोल्ट आणि माशी यांचे हेच नियम लागू होतात, मात्र दुरुस्ती परवानाधारक बंदूककाराकडूनच करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रे बाळगता येतात. शिकारीचा तर प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जॉन स्मिथची वाट कायमची बंद केली आहे.

अचूकतेलाही मर्यादा आहे. मिनिटाला पंधरा बार टाकणारी रायफल कितीही जुळवली, तरी तीस काडतुसांच्या पेटीनिशी आलेल्या स्वयंचलित शस्त्रासमोर ती तोकडीच पडणार. २००८ च्या त्या रात्रीचा खरा धडा हाच होता आणि थ्री-नॉट-थ्रीला निवृत्त करणे योग्यच होते. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात समारंभपूर्वक निरोप दिला. परंतु नवी रायफल आली म्हणून जुने दोष निघून जात नाहीत. धुळीने माखलेली पुल-थ्रूची दोरी, उन्हात तापलेली काडतुसे, सरकलेली माशी आणि वर्षाकाठी मोजकेच बार टाकणारा शिपाई हे सारे नव्या शस्त्रागारातही तसेच राहू शकते. मग आणखी काही वर्षांनी नवी रायफलही 'चुकू' लागेल आणि दोष पुन्हा तिच्या वयाला दिला जाईल.